खलिफासाठी लिहिलेला ग्रंथ आणि इमाम गझाली (रह.)

इस्लामच्या इतिहासात विद्वान आणि सत्ताधीश यांचे नाते हा नेहमीच नाजूक विषय राहिला आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी काझीपद नाकारले आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. त्यांचेच थोर शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ते पद स्वीकारले आणि खलिफा हारून रशीद यांच्यासाठी जमीनमहसुलावर 'किताबुल खराज' हा ग्रंथ लिहून सत्तेला न्यायाचे नियम समजावून दिले. दोघांचीही नियत स्वच्छ होती आणि उम्मतने दोघांनाही आदराचे स्थान दिले. मग राजदरबाराशी विद्वानाने कसा संबंध ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्यांचे जीवन सर्वांत अधिक मार्गदर्शक ठरते, ते म्हणजे हुज्जतुल इस्लाम इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.). कारण या दोन्ही वाटा त्यांनी आपल्या एकाच आयुष्यात चालून पाहिल्या.

आज घरोघरी त्यांचे नाव 'इह्या उलूमुद्दीन' आणि 'कीमियाए सआदत' या ग्रंथांमुळे घेतले जाते. महाराष्ट्रातील अनेक मुस्लिम कुटुंबांपर्यंत हे ग्रंथ उर्दू भाषांतरांतून पोहोचले आहेत. परंतु या ग्रंथांच्या आधी त्यांनी एक असा ग्रंथ लिहिला होता, जो एका खलिफाच्या आज्ञेवरून लिहिला गेला, ज्याच्या नावातच त्या खलिफाचे नाव गुंफलेले आहे आणि जो लिहून झाल्यावर थोड्याच काळात इमाम साहेबांनी दरबार, पद आणि बगदाद शहर या सर्वांचा त्याग केला. तो ग्रंथ म्हणजे 'फजाइहुल बातिनिय्या व फजाइलुल मुस्तझहिरिय्या', जो 'अल-मुस्तझहिरी' या छोट्या नावाने ओळखला जातो.

सूत कातणाऱ्याचा मुलगा

इमाम गझाली (रह.) यांचा जन्म हिजरी ४५० म्हणजे इ.स. १०५८ मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. परंपरेने असे सांगितले जाते की, त्यांचे वडील लोकर कातून ती विकत असत. ते शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत बसण्याची त्यांना ओढ होती. आपल्या मुलांना ज्ञान मिळावे, अशी ते अल्लाहकडे प्रार्थना करीत. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद ही आपली दोन्ही मुले एका सूफी मित्राच्या स्वाधीन केली आणि जी काही जमापुंजी होती ती मुलांच्या शिक्षणासाठी त्याला दिली. ती पुंजी लवकरच संपली. तो मित्र स्वतः निर्धन होता. त्याने मुलांना एखाद्या मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथे शिक्षणासोबत जेवणही मिळत असे. पुढे इमाम साहेब मोकळेपणाने कबूल करीत की, आपण ज्ञानाच्या दारात गेलो ते पोटासाठी; परंतु ज्ञानानेच अल्लाहखेरीज अन्य कोणाचे होऊन राहण्यास नकार दिला.

तूसनंतर ते जुर्जान येथे गेले. तेथून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. लुटीत त्यांच्या अभ्यासाच्या टिपणांची थैलीही गेली. तरुण गझाली टोळीच्या म्होरक्यामागे धावत गेले आणि फक्त ते कागद परत देण्याची विनवणी करू लागले. म्होरक्या हसला. कागद गेले की ज्याची विद्या जाते, त्याला विद्वान कसे म्हणावे, अशा अर्थाचे तो बोलला आणि त्याने थैली परत केली. ते बोल त्यांच्या मनाला लागले. दरोडेखोराच्या तोंडून आपल्याला ही शिकवण मिळाली, असे त्यांनी मानले आणि पुढील तीन वर्षांत सर्व टिपणे मुखोद्गत केली.

यानंतर नीशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. फिक्ह, उसूल, तर्कशास्त्र आणि कलाम या विषयांत ते अल्पकाळातच अग्रेसर झाले. हिजरी ४७८ (इ.स. १०८५) मध्ये गुरूंचे निधन झाले, तेव्हा ते सल्जूक साम्राज्याचे प्रधानमंत्री निजामुल मुल्क यांच्या छावणीत दाखल झाले. तेथे मोठमोठ्या विद्वानांची ये-जा असे. वादसभांमधून त्यांची कीर्ती इतकी पसरली की, हिजरी ४८४ (इ.स. १०९१) मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी, बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापकपद त्यांच्याकडे आले. तीनशेच्या आसपास विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. त्या काळाचे वर्णन करणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की, ते बगदादमध्ये आले तेव्हा त्यांच्या अंगावरील वस्त्रे आणि त्यांचे वाहन यांची किंमत लोकांनी पाचशे दीनार ठरवली होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे पुन्हा एकदा त्यांच्या वस्त्रांचे मोल केले जाणार होते.

ग्रंथाची पार्श्वभूमी

बगदादमधील वैभवाला वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच साम्राज्याचा पाया हादरला. हिजरी ४८५ च्या रमजान महिन्यात (इ.स. १०९२) निजामुल मुल्क यांची नहावंदजवळ हत्या झाली. मारेकरी सूफीच्या वेषात आला होता आणि तो बातिनी पंथाचा असल्याचे सांगितले गेले. पुढच्याच महिन्यात सुलतान मलिकशाह यांचाही मृत्यू झाला. गादीसाठी भाऊबंदकी सुरू झाली. हिजरी ४८७ च्या प्रारंभी (इ.स. १०९४) खलिफा मुक्तदी यांचे निधन झाले आणि त्यांचा सोळा वर्षांचा पुत्र 'मुस्तझहिर बिल्लाह' ही पदवी धारण करून खिलाफतीवर बसला. त्याच्या हातावर बैअत करणाऱ्या मान्यवरांमध्ये इमाम गझालीही होते.

या अस्थिर परिस्थितीत बातिनी प्रचारकांचे आवाहन वेगाने पसरत होते. त्यांचा युक्तिवाद साधा आणि आकर्षक होता. माणसांची बुद्धी एकमत होत नाही, म्हणून सत्य जाणण्यासाठी प्रत्येक युगात एक निष्पाप, अचूक इमाम असलाच पाहिजे आणि सर्वांनी त्याच्याकडूनच शिकले पाहिजे, असे ते म्हणत. त्यांच्या मते असा इमाम इजिप्तमधील फातिमी घराण्यात होता. म्हणजेच हा प्रश्न एकाच वेळी अकीद्याचा आणि राज्यसत्तेचा होता. नव्या खलिफाने इमाम गझाली यांना या विचारांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिण्याची आज्ञा केली. इमाम साहेबांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात सांगितले की, या विषयात खोल उतरण्याची इच्छा त्यांच्या मनात आधीपासूनच होती आणि बाहेरून आलेली आज्ञा त्या इच्छेला येऊन मिळाली.

दरबाराला अर्पण होणाऱ्या ग्रंथांची त्या काळी एक वेगळीच शान असे. बगदादचा कागद दूरवर नावाजलेला होता. वर्राकांच्या बाजारात कागदविक्री, नकलाकारी आणि ग्रंथविक्री एकत्र चाले. याच शहरात सुमारे शंभर वर्षांपूर्वी, हिजरी ३९१ मध्ये, इब्नुल बव्वाब या महान सुलेखनकाराने पवित्र कुरआनची ती प्रत लिहिली, जी आजही जतन केलेली आहे. राजेरजवाड्यांसाठी तयार होणाऱ्या प्रतींना नक्षीदार चामड्याची बांधणी असे आणि पानांची कड झाकणारी जिभेसारखी पट्टी तिला जोडलेली असे. सुबक अक्षर, सोनेरी वेलबुट्टी आणि आरंभी आश्रयदात्याची स्तुती, हा अशा ग्रंथांचा रिवाज होता. 'अल-मुस्तझहिरी'च्या प्रस्तावनेतही तो पाळलेला दिसतो. खलिफाच्या कृपेबद्दल कृतज्ञता म्हणून एखादा ग्रंथ सेवेत सादर करावा, ही आपली जुनी आकांक्षा होती, असे इमाम साहेब तेथे नमूद करतात.

बांधणीच्या आत काय होते?

ग्रंथाची दहा प्रकरणे आहेत. आरंभीच्या प्रकरणांत बातिनी पंथाची नावे, प्रचाराची पद्धत आणि मते मांडून नंतर त्यांचे खंडन केले आहे. या मांडणीतील एक गुण विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे मोडून-तोडून न सांगता ते शक्य तितक्या बळकट स्वरूपात मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे, हा इमाम साहेबांचा शिरस्ता होता. त्यांच्यावर काही लोकांनी आक्षेपही घेतला की, तुम्ही विरोधकांचे मुद्दे त्यांच्यापेक्षाही चांगले मांडता आणि त्यांचेच काम सोपे करता. त्यांचे उत्तर असे होते की, एखादी शंका लोकांत पसरलेली नसेल तर ती उकरून काढू नये. पण ती पसरली असेल तर आधी ती नीट समजून घेतल्याशिवाय दिलेले उत्तर व्यर्थ आहे. आज परमताविषयी ऐकीव गोष्टींवर बोलणाऱ्यांनी हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा.

त्यांच्या खंडनाचा गाभाही सोपा आहे. बुद्धीवर मुळीच विश्वास ठेवता येत नसेल, तर अचूक इमामाची गरज आहे हे तरी कोणत्या साधनाने कळले? त्यांनी प्रवाशाचे उदाहरण दिले. जंगलात किब्ल्याची दिशा कळत नसेल, तर इमामाला विचारण्यासाठी शेकडो कोस प्रवास करून नमाजची वेळ घालवायची काय? अशा वेळी माणूस आपल्या विवेकाने दिशा ठरवतो आणि शरिअतने त्याला ती मुभा दिलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवले, तेव्हा कुरआन व सुन्नतमध्ये स्पष्ट आदेश न सापडल्यास स्वतःच्या विचारशक्तीने निर्णय करण्याची त्यांची पद्धत पसंत केली होती. उम्मतचा अचूक मार्गदर्शक एकच आहे आणि तो म्हणजे अल्लाहचे अंतिम प्रेषित (स.), हा इमाम साहेबांचा निष्कर्ष होता. विरोधी बाजूही गप्प बसली नाही. सुमारे शतकभराने यमनमधील तय्यिबी परंपरेचे दाई अली बिन मुहम्मद बिन वलीद यांनी या ग्रंथाला सविस्तर लेखी उत्तर दिले. ग्रंथाला ग्रंथाने उत्तर देण्याची ही रीत दोन्ही बाजूंच्या विद्वत्तेची साक्ष आहे.

नवव्या प्रकरणात मुस्तझहिर हाच हक्काचा खलिफा असल्याचे प्रतिपादन आहे. येथे इमाम साहेबांची कसोटी होती. खलिफाच्या अंगी सामर्थ्य, कार्यक्षमता, धर्मनिष्ठा आणि ज्ञान हवे. सोळा-सतरा वर्षांच्या तरुणात हे सर्व कोठून आणावे? सामर्थ्य तुर्की सैन्याच्या निष्ठेतून, कार्यक्षमता सुज्ञ मंत्र्यांच्या सल्ल्यातून आणि ज्ञानाची उणीव विद्वानांना विचारून भरून निघते, असे उत्तर त्यांनी दिले. या युक्तिवादामागे उम्मत विस्कटू नये ही तळमळ स्पष्ट दिसते. पण त्याचबरोबर आश्रयदात्याच्या बाजूने लिहिताना लेखणीला किती कसरत करावी लागते, हेही दिसल्यावाचून राहत नाही.

आणि मग दहावे प्रकरण येते. ग्रंथ येथे संपला असता तर तो एक उत्तम दरबारी ग्रंथ ठरला असता. परंतु स्तुती संपताच इमाम साहेब त्या तरुण खलिफाकडे वळतात आणि ज्या कर्तव्यांच्या पालनाने हे पद टिकते, ती त्याच्यासमोर ठेवतात. माणूस कशासाठी निर्माण झाला आणि त्याला कोठे जायचे आहे, हे त्याने आधी जाणावे. जगावर राज्य करण्यापूर्वी स्वतःच्या क्रोधावर आणि वासनांवर राज्य करावे. प्रत्येक प्रकरणात आपण प्रजा आहोत आणि समोरचा राजा आहे असे समजून न्याय करावा. दारात ताटकळणाऱ्या गरजूला क्षुल्लक लेखू नये. विद्वानांच्या उपदेशाची तहान बाळगावी. उंची वस्त्रे आणि भोजनाच्या चोचल्यांपासून दूर राहावे. कठोरतेपेक्षा सौम्यतेने काम घ्यावे. शरिअतच्या विरोधात जाऊन कोणाचीही मर्जी संपादन करू नये. पूर्वीच्या खलिफांना सत्पुरुषांनी केलेल्या उपदेशांचे प्रसंगही त्यांनी तेथे सांगितले आहेत. स्वतःच्या गौरवासाठी मागवलेल्या ग्रंथात खलिफाला स्वतःसाठी हिशेबाची वहीच मिळाली. मुस्तझहिर यांनी पुढे हिजरी ५१२ (इ.स. १११८) पर्यंत खिलाफत सांभाळली. सौम्य स्वभावाचा आणि सुंदर हस्ताक्षराचा खलिफा म्हणून इतिहासकारांनी त्यांची नोंद केली आहे.

उपदेश करणाऱ्याचा स्वतःशी हिशेब

परंतु जो दुसऱ्याला आरसा दाखवतो, त्याला स्वतःचेही रूप त्यात दिसते. हिजरी ४८८ च्या रजब महिन्यात (इ.स. १०९५) इमाम साहेबांच्या जीवनात ते वादळ उठले, ज्याची हकीकत त्यांनी 'अल-मुन्किज मिनद्दलाल' या आत्मवृत्तात निःसंकोचपणे सांगितली आहे. त्यांनी आपल्या कामांकडे पाहिले. सर्वांत चांगले काम अध्यापनाचे होते. पण त्यामागची नियत तपासली तेव्हा ती निखळ अल्लाहसाठी नसून कीर्ती आणि मानमरातब यांच्या इच्छेने हलत असल्याचे त्यांना जाणवले. सहा महिने ते या ओढाताणीत होते. सकाळी निश्चय होई, संध्याकाळी तो मोडे. शेवटी त्यांची जीभच जड झाली. वर्गात शब्द फुटेना. अन्नाचा घास घशाखाली उतरेना. हकिमांनी सांगितले की, दुखणे मनातले आहे आणि मनाचा भार उतरल्याखेरीज औषध लागू पडणार नाही.

त्याच वर्षी जिल्कादा महिन्यात त्यांनी बगदाद सोडले. रोखू नये म्हणून त्यांनी मक्केला जात असल्याचे सांगितले, पण मनात शामचा निश्चय होता. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मीनारात ते दिवसभर दार लावून इबादत करीत. तेथून ते बैतुल मुकद्दसला गेले आणि नंतर हेब्रोन येथे हजरत इब्राहीम (अ.) यांच्या कबरीपाशी उभे राहून त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या. कोणत्याही सुलतानाच्या दरबारात जाणार नाही, कोणत्याही सुलतानाचा पैसा घेणार नाही आणि कोणाशीही वादसभेत उतरणार नाही. ज्या तीन गोष्टींनी त्यांना मोठे केले होते, त्याच तीन गोष्टी त्यांनी सोडल्या. त्यानंतर त्यांनी हज केले.

याच एकांताच्या वर्षांतून 'इह्या उलूमुद्दीन' हा चाळीस भागांचा महान ग्रंथ साकार झाला. त्यातील हलाल-हरामच्या भागात त्यांनी सुलतानांची बक्षिसे स्वीकारावीत की नाही आणि त्यांच्याकडे जावे की नाही, याची बारकाईने चर्चा केली आहे. सत्ताधीशांच्या दारी जाणाऱ्या विद्वानाला कोणकोणत्या पापांचा धोका असतो, हे त्यांनी तेथे सांगितले. ते त्यांना कोणाकडून ऐकावे लागले नव्हते. ते पुन्हा बगदादला आले तेव्हा त्यांच्या वस्त्रांचे मोल फक्त पंधरा कीरात निघाले. कोठे पाचशे दीनार आणि कोठे एका दीनाराचाही एक अंश!

प्रतिज्ञेची परीक्षा

सुमारे अकरा वर्षांनी, हिजरी ४९९ (इ.स. ११०६) मध्ये, निजामुल मुल्क यांचे पुत्र आणि खुरासानचे वजीर फख्रुल मुल्क यांनी त्यांना नीशापूरच्या निजामियात शिकवण्याचा आग्रह केला. इमाम साहेब पुन्हा पेचात पडले. लोकांचे ईमान डळमळत असताना केवळ आपल्या शांततेसाठी कोपऱ्यात बसणे हाही नफ्सचा एक डाव असू शकतो, असा विचार करून आणि अनेक सत्पुरुषांचा सल्ला घेऊन त्यांनी होकार दिला. वरवर पाहता हे परत फिरणे वाटेल. त्यांनी स्वतः खुलासा केला आहे की, पूर्वी आपण असे ज्ञान शिकवीत होतो ज्याने मानमरातब मिळतो आणि आता असे ज्ञान शिकवतो ज्याने मानमरातबाचा मोह सुटतो.

पुढे विरोधकांनी सुलतान संजर यांचे कान भरले आणि दरबारातून बोलावणे आले. इमाम साहेबांनी पत्र लिहून प्रतिज्ञेची आठवण दिली आणि माफी मागितली. त्याच पत्रात त्यांनी स्वतःसाठी काहीही न मागता तूसच्या जनतेची कैफियत मांडली. थंडीने आणि जुलमाने शेतकरी नागवला गेला आहे, मुसलमानांच्या माना संकटांच्या ओझ्याखाली मोडत आहेत आणि सुलतानाच्या घोड्यांच्या माना सोन्याच्या पट्ट्यांनी वाकल्या आहेत, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. बोलावणे टळले नाही, त्यांना छावणीत जावे लागले. पण सुलतानाने त्यांना सन्मानाने वागवले. 'अल-मुस्तझहिरी'च्या दहाव्या प्रकरणातील उपदेश आणि हे पत्र यांचा आशय एकच आहे. फरक इतकाच की, या वेळी उपदेशाच्या आधी नऊ प्रकरणांची गरज उरली नव्हती.

हिजरी ५०४ मध्ये बगदादच्या निजामियाचे पद पुन्हा त्यांच्याकडे चालून आले. त्यांनी ते नम्रपणे नाकारले. तूसमध्ये घराजवळ एक मदरसा आणि एक खानकाह उभारून ते विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. त्यांना तरुणपणी पाहिलेले समकालीन अब्दुल गाफिर फारिसी सांगतात की, पूर्वीचा अहंकार आणि इतरांना तुच्छ लेखण्याची वृत्ती पार नाहीशी झालेली पाहून सुरुवातीला त्यांना ते सोंग वाटले; पण पारख केल्यावर तो खरा बदल असल्याची खात्री पटली. शेवटच्या काळात इमाम साहेबांनी सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम यांचा अभ्यास हाती घेतला होता. जगाने ज्यांना हुज्जतुल इस्लाम म्हटले, ते पुन्हा एकदा विद्यार्थी होऊन प्रेषितांच्या हदीससमोर बसले होते.

१४ जुमादल आखिर ५०५, म्हणजे १८ डिसेंबर ११११, सोमवारची पहाट. त्यांचे बंधू अहमद गझाली यांच्या कथनानुसार, त्यांनी वुजू करून फज्रची नमाज अदा केली, कफन मागवले, त्याचे चुंबन घेऊन ते डोळ्यांना लावले आणि मालिकाच्या आज्ञेला आनंदाने मान तुकवली. मग किब्ल्याकडे पाय पसरून ते पहुडले आणि उजाडण्यापूर्वीच आपल्या रबला जाऊन मिळाले. त्यांच्या मागे फक्त मुली होत्या.

'अल-मुस्तझहिरी' विस्मरणात गेला नाही. १९१६ मध्ये त्यावरील एक अभ्यास लायडन येथे आणि १९६४ मध्ये त्याची अरबी आवृत्ती कैरो येथे प्रसिद्ध झाली. पण ज्या खलिफाच्या नावाने तो ओळखला जातो, त्याचे नाव आज बहुतेकांना केवळ या ग्रंथामुळेच ठाऊक आहे.

आपल्यापैकी बहुतेकांवर कोणा राजासाठी ग्रंथ लिहिण्याची वेळ येणार नाही. तरीही प्रत्येकाचा एखादा दरबार असतोच. कोणाचा धनी, कोणाचा पुढारी, कोणाचा समाज, तर कोणाची वाहवा करणारी मंडळी. तेथे मान राखून बोलावे; परंतु दहावे प्रकरण गाळू नये. आणि ते दुसऱ्याला ऐकवून झाल्यावर एकदा स्वतःलाही ऐकवावे. आपल्या मुलांना इमाम साहेबांची थोरवी सांगताना त्यांचे पाचशे दीनार सांगावेत, तसेच पंधरा कीरातही सांगावेत.

अल्लाह आपल्या नियती शुद्ध करो, सत्य सांगण्याचे धैर्य आणि ते सौम्यपणे सांगण्याची बुद्धी देवो, आणि इमाम गझाली (रह.) यांच्या कबरीवर आपल्या कृपेचा वर्षाव करो. आमीन.